ओला बारदाना

"हाणल्याबिगर काईच ऐकत न्हाई, ताई," असं म्हणून मामा आधी पंपाला लाथ घालत आणि मग बटण दाबत. पंप सुरू व्हायचा, हे आणखी वाईट.

नांदेडच्या आमच्या प्रयोगशाळेत ते कंत्राटी शिपाई होते. गाव इस्लापूरकडचं. असा माणूस तुम्हीही एखाद्या कचेरीत पाहिला असेल, हात उगारल्याशिवाय ज्याचं वाक्य पुरं होत नाही. खिडकीतून आलेला साप त्यांनी लोखंडी स्टँडनं ठेचला आणि तोच स्टँड धुऊन माझ्या टेबलावर आणून ठेवला. बेसिनमध्ये क्लोरोफॉर्म ओतणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या कानाखाली अशी वाजवली, की तो आठवडाभर आमच्या मजल्यावर फिरकला नाही. मी त्यांना भ्यायचे. आणि खरं सांगते, ते मला आवडायचेही.

माझं काम नाजूक. क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवलेलं पॉलिमर काचेच्या उथळ डबीत ओतायचं, वरून दमट हवा सोडायची. क्लोरोफॉर्म उडताना तो थर गार पडतो आणि हवेतली वाफ बारीक थेंब होऊन त्यावर रांगेनं बसते. शेवटी थेंबही उडून जातात, प्रत्येकाच्या जागी एक छिद्र उरतं. मागे राहतो तो मधाच्या पोळ्यासारखा पापुद्रा. पण नांदेडच्या मे महिन्यात दमट हवा आणायची कुठून? मामांनी मोंढ्यातल्या धान्यबाजारातून गोणपाटाचा बारदाना आणला, भिजवून खिडकीला टांगला, पुढं पंखा लावला. तो वाळला की त्याला शिव्या घालत पुन्हा पाणी मारायचे. पापुद्रा दुधाळ झाला की छिद्रं पडली समजायचं, हे त्यांना माझ्याआधी कळायचं.

मग माझ्या मार्गदर्शक सरांनी माझ्या टेबलाशेजारच्या नव्या यंत्रासाठी खोलीत एसी बसवला. तो सदा चालू, रिमोट सरांच्या कपाटात कुलपात. माझे पापुद्रे काचेसारखे स्वच्छ निघू लागले. छिद्र म्हणून नाही. प्रबंध द्यायची मुदत महिनाअखेर संपत होती, आणि एक चांगला पापुद्रा नसेल तर पाच वर्षं मातीत. मामांनी मला बाहेर नेऊन एसीच्या नळीखालची भरलेली बादली दाखवली. "आपलं पाणी बघा ताई, भाईर पळून राहिलं." खोलीतला ओलावा खरंच तिथं जमत होता. मी वैतागून म्हणाले, "या एसीचा कुणीतरी मुडदा पाडा हो, मामा."

दुसऱ्या दिवशी दहाला गेले, तर एसी भिंतीवरून लोंबत होता, पत्रा फाटलेला. खाली पहार. मामांची बोटं सोललेली, आणि खिडकीला बारदाना ठिबकत होता. "वता ताई," ते म्हणाले. मी ओतलं. का ओतलं, विचारू नका. पापुद्रा दुधासारखा पांढरा झाला.

तेवढ्यात सर दोन गार्ड घेऊन आले. मामांनी पापुद्र्याच्या काचेच्या डबीला झाकण लावलं आणि ती शर्टाच्या आत घातली. गार्डांनी त्यांना जिन्यात ओढून काठ्यांनी मारलं, बुटांनी मारलं. नाक फुटलं, पायऱ्यांवर रक्त सांडलं. मी मागून "मारू नका" म्हणत होते, तेही हळूच. उभ्या जन्मात कुणाचा हात अंगावर न घेतलेला हा माणूस दोन्ही हात छातीशी आवळून गुमान मार खात राहिला. एकदाही उलटून मारलं नाही.

सरांनी मला विचारलं, "याला तू काही बोलली होतीस?"

"नाही सर," मी म्हणाले.

मामांनी ऐकलं. शर्टातून डबी काढून माझ्या हातात दिली. झाकणाला तडा गेला होता, पापुद्रा मात्र अख्खा. "बघा बरं ताई, छिद्रं हायेत का," एवढंच म्हणाले. त्याच दुपारी त्यांचं काम गेलं.

छिद्रं होती. इतकी सुरेख नंतर कधी पडली नाहीत. त्यांचा फोटो माझ्या प्रबंधात आहे. आभाराच्या पानावर सरांचं नाव आहे, मामांचं नाही. तोंडी परीक्षेला परीक्षकांनी विचारलं, "या नमुन्यासाठी ओलावा कसा राखलात?" बारदाना अगदी ओठांवर आला होता.

"बंद पेटीत," मी म्हणाले.

इस्लापूर काही फार लांब नाही, रेल्वेही जाते. मी गेले नाही. कोणत्या तोंडानं जाणार? तडा गेलेलं ते झाकण माझ्या खणात आहे. खण अडकतो, आणि थाप मारल्याशिवाय उघडत नाही. मामांनी त्या जिन्यात मला एक थोबाडीत दिली असती, तर मीही खरं बोलले असते. सगळ्यांवर हात टाकला त्यांनी, माझ्यावर कधी नाही.