गोणपाटावरचं काकडीचं बी

मला कुत्र्यांचा राग नाही आणि लोभही नाही. वाडीत कुत्रा हवा, कारण केळीचा घड तयार झाला की आपल्या आधी दुसऱ्याला कळतं. एवढंच माझं आणि कुत्र्याचं नातं. सासऱ्यांचं मात्र तसं नव्हतं. सकाळी चहात बुडवलेला पाव ते अर्धा स्वतः खायचे आणि अर्धा त्याला घालायचे. मी पाहिलं की म्हणायचे, "हातातून पडला." रोज पडायचा.

ही ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. वसईत लग्न होऊन मला पाच-सहा वर्षं झाली होती. नवरा दिवसभर मुंबईला नोकरीवर असायचा. घरी मी, सासरे, तीन वर्षांची मुलगी आणि हा तांबूस गावठी कुत्रा. त्याला नाव नव्हतं. सासरे "ए रे" म्हणायचे आणि तो यायचा.

त्या वर्षी पावसाळा सरला आणि कुत्रा उतरायला लागला. खायचा दोघांचं, पण बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. शिवाय एक नवीनच खोड. पुढच्या पायांवर जोर देऊन मागचं अंग जमिनीला घासत अंगणभर सरकायचा. नेमकं मी सारवलं की लगेच.

"तुझं कुठे राहून गेलंय ते पुरं करतोय तो," सासरे म्हणाले.

सासऱ्यांचा जीव दोन गोष्टींत. एक कुत्रा आणि दुसरं काकडीचं बी. वेलावर एक काकडी पिवळी होईस्तोवर राखायची, तिचं बी धुऊन राखेत घोळवायचं आणि ओट्यावर सुपात वाळवायचं. त्या सुपाला हात लावायची कोणाला मुभा नव्हती. सूप ओट्याच्या एका कोपऱ्यात आणि कुत्र्याचं गोणपाट दुसऱ्या. एक दिवस त्या गोणपाटावर त्यांना बारीक, पिवळट, वाळलेले दाणे दिसले.

"बी सांडलंस!"

"मी सुपाजवळही गेले नाही, बाबा."

"मग काय याने पेरलं?"

एकेक दाणा नखाने उचलून त्यांनी काड्यापेटीत भरला. मी म्हटलं, एवढं आहे तर लावा. त्यांनी खरंच विहिरीजवळ आळं केलं, दाणे टोचले आणि आठ दिवस तांब्याने पाणी घातलं. काही उगवलं नाही. आधी त्यांनी माझ्या हाताला दोष दिला, मग कावळ्यांना, शेवटी विहिरीच्या पाण्याला. उरलेले दाणे काड्यापेटीत तसेच राहिले.

पाचूबंदरहून एक मासळीवाली आमच्याकडे यायची. ओट्यावर पाटी टेकवून तिने कुत्र्याकडे पाहिलं.

"बाबा, कुत्र्याचा पार खराटा केलात की! माज्याकडं द्या. आमच्या बंदरावर चार दिसांत बोकड होईल."

"त्याला मासळीचा वास सोसत नाही," सासरे म्हणाले. कुत्र्याचं तोंड तेव्हा तिच्या पाटीत होतं.

मी मात्र तिला हो म्हणून टाकलं. माझी मुलगी दिवसभर त्या गोणपाटावर लोळायची. रोगट जनावर मला घरात नको होतं. पुढच्या खेपेला घेऊन जा, म्हटलं. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांच्या हातातून पाव पडला तो अख्खा.

तीन दिवसांनी गोणपाट झटकायला उचललं, तर त्यावर तसलाच एक दाणा, पण ओला आणि पांढरा, तांदळासारखा. मी बोट पुढे केलं आणि दाणा लांब झाला. मग आखडला. मी काही किंचाळणारी बाई नव्हे. त्याला मी कागदात घेतलं, सासऱ्यांपुढे धरलं आणि म्हटलं, "तुमचं बी चालायला लागलं."

गुरांच्या दवाखान्यात तेव्हा कुत्रा घेऊन कोणी जात नसे. काड्यापेटी आणि कागद घेऊन मी, सुंभाची दोरी धरून सासरे, असे आम्ही रांगेत बसलो. पुढच्या म्हशीच्या मालकाने विचारलं, "हा दिवसाला किती लिटर देतो?" एरवी सासऱ्यांनी उत्तर दिलं असतं. त्या दिवशी त्यांनी कुत्र्याला पायांजवळ ओढून घेतलं.

डॉक्टरांनी दोन्ही उघडून पाहिलं. "हे चपट्या जंताचे तुकडे. जंत कुत्र्याच्या आतड्यात असतो आणि शेपटाकडून त्याचे तुकडे सुटून गुदद्वारातून बाहेर येतात. ताजा तुकडा हलतो, वाळला की काकडीच्या बीसारखा दिसतो. त्याने तिथे खाजतं, म्हणून कुत्रा अंग घासतो."

"डॉक्टर, हे उगवतं का?" मी विचारलं.

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. सासरे म्हशीकडे.

कुत्र्याचं वजन बघून त्यांनी गोळ्या दिल्या आणि एक गोष्ट बजावून सांगितली. खरं मूळ पिसवांत होतं. जंताची अंडी पिसवेच्या अळीच्या पोटात जातात, अळीची पिसू होते, कुत्रा स्वतःला चावताना ती पिसू गिळतो आणि जंत परत तयार. "गोळीने आजचा जंत जाईल. पिसवा राहिल्या तर महिन्याभरात पुन्हा इथेच याल. आणि घरात लहान मूल असेल तर जपा. चुकून पिसू तोंडात गेली तर त्यालाही होतो."

घरी येताना मी सासऱ्यांना सांगून टाकलं. एक महिना. त्यानंतर अंथरुणावर एक दाणा जरी दिसला, तर कुत्रा पाचूबंदरला. त्यांनी "बरं" म्हटलं आणि कुत्र्याची दोरी हातात दोनदा गुंडाळली.

मासळीवालीला मी महिनाभर थांबायला सांगितलं आणि गोणपाट जाळलं. त्या जागी माझं जुनं पांढरं लुगडं दिलं, काहीही पडलं तरी दिसावं म्हणून. ते दर आठवड्याला उकळत्या पाण्यातून काढायचं आणि कडक उन्हात टाकायचं. ओट्याच्या भेगा झाडून, लिंपून बुजवल्या, कारण पिसवांची अंडी-अळ्या तिथेच दडतात. मुलीने कुत्र्याला हात लावला की साबण, त्याशिवाय घास नाही. डॉक्टरांनी दिलेली पावडर ते सांगतील तेवढीच कुत्र्याला लावायची. आणि सासरे, ज्यांनी स्वतःच्या डोक्याला आयुष्यात फणी लावली नसेल, रोज सकाळी साबणाच्या पाण्याचं भांडं घेऊन कुत्र्याला फणीने विंचरायचे. निघालेली पिसू पाण्यात बुडवायचे आणि मला ऐकू जाईल असं मोजायचे. पहिल्या दिवशी सत्तावीस. तिसऱ्या आठवड्यात एकही नाही. बरगड्या झाकल्या गेल्या. सरकणं थांबलं.

महिना भरला त्या दिवशी मासळीवाली आली, दोरी घेऊनच. मी लुगडं उचलून तिच्यासमोर झटकलं. त्यातून एक दाणा पडला. पिवळट, लांबट.

"आता?" ती म्हणाली.

सासऱ्यांनी दाणा तळहातावर घेतला, उलटसुलट केला. चेहरा उतरला होता. इतके दिवस मी त्यांना चिडवत होते, पण तेव्हा मी आधी सुपाकडे पाहिलं. बी जवळच वाळत होतं. वाऱ्याने आलेलं असेल, नसेलही.

"हे माझं बी आहे," ते म्हणाले.

"मागच्या वेळीही तुमचंच होतं, बाबा."

"मग लावून बघू."

ते पुन्हा विहिरीजवळ गेले, त्याच आळ्यात दाणा टोचला आणि तांब्याने पाणी घातलं. मासळीवालीला मी म्हटलं, आठ दिवसांनी ये. ती हसत म्हणाली, "बाबा, कुत्रा उगवला तर एक मला."

सहाव्या दिवशी सकाळी ते मला हाक मारत नव्हते, तर ओरडत होते. आळ्यात दोन पानं वर आली होती. कुत्रा शेजारी बसला होता आणि त्याला त्यातलं काही कळत नव्हतं.

कुत्रा राहिला, आणखी सात वर्षं. लुगडं उकळणं आणि विंचरणंही राहिलं. त्या वेलाला काकड्या चांगल्या धरल्या, सगळ्यांनी खाल्ल्या. मी नाही खाल्ल्या.