कोरड्या काठ्या

काठी करायला कष्ट पडतात. बांबू पोसलेला लागतो. तोडायचा, सावलीत वाळवायचा, गाठी तासायच्या, मग चुलीच्या धुरावर टांगायचा. कुवरसिंग पावराने अशा साठ काठ्या केल्या होत्या आणि एकीतही कुसळ राहू दिलं नव्हतं.

रावेरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी त्याचा पाडा. तरुणपणी त्याने रोपवनात खड्डे खोदले, नंतर सावद्याला केळीचे घड वाहून ट्रक भरले. खांदा गेला तेव्हा गावच्या वन समितीने त्याला कुंडाच्या फाटकावर बसवलं. कुंड आत जंगलात, धबधब्याखाली. तिथे जायला नाला ओलांडायचा, मग कड्याला चिकटून एका माणसापुरती वाट. मागच्या पावसाळ्यात त्या वाटेवर रेटारेटी झाली आणि एक बाई मांडीचं हाड मोडून घरी गेली. तेव्हा कुवरसिंगनेच सुचवलं : आत जाणाऱ्या प्रत्येकाला एक काठी, येताना ती परत. काठ्या संपल्या की फाटक बंद. एक परत आली की एकच माणूस आत. ज्याची काठी त्यानेच आणून द्यायची. कुंडापाशी साठच माणसं नीट मावत.

भादव्यातला रविवार होता. गाड्या लागल्या होत्या पार रस्त्यापर्यंत. कुवरसिंगची बायको चमेलीबाई सकाळीच आत गेली होती, कुंडापाशी मक्याची कणसं भाजायला.

शिंदखेड्याहून बरीच मंडळी आली होती. अर्ध्यांना काठ्या मिळाल्या, ते आत गेले. बाकीचे फाटकाशी तिष्ठत राहिले. त्यांच्यातला योगराज वैतागला.

"आबा, ही काठी शे का विमाननं तिकीट?"

"विमानात उभ्याने नेतात का, भाऊ? जागा झाली की जा."

थोड्या वेळाने आत गेलेल्यांतलाच एक जण वाटेच्या वळणाकडून काठ्यांचा भारा घेऊन आला. "बठ्ठा परत उनात, आबा. बाया मांगून ई ऱ्हायन्यात. ह्या घ्या तुमन्या काठ्या."

सगळे परतले, बाया मागून येताहेत, असं तो सांगत होता आणि मागे रांग ओरडत होती. ज्याची त्याच्याकडूनच घ्यायची, हे कुवरसिंगला आठवलं. पण उन्हात उभं राहून तोही कंटाळला होता. त्याने भारा घेतला आणि काठ्या वाटल्या. योगराज आणि त्याची आई इंदिराबाई आत गेले. मग आणखी एक भारा आला, तोही त्याने घेतला. या खेपेला वाटण्याआधी तो सवयीने काठ्यांची टोकं फडक्याने पुसायला बसला. ओल राहिली तर बांबू कुजतो.

फडकं कोरडंच राहिलं.

त्याने एकेका टोकावरून बोट फिरवलं. सगळी कोरडी. नाला ओलांडल्याशिवाय कुंडाला जाता येत नाही, मग या काठ्या पाण्यात गेल्याच नव्हत्या. लोकांनी त्या वळणापलीकडे गोळा करून माघारी पाठवल्या होत्या आणि स्वतः मोकळ्या हातांनी पुढे गेले होते. आत आता किती माणसं होती, हे कोणालाच सांगता आलं नसतं.

त्याच वेळी डोंगरामागे गडगडलं. मध्य प्रदेशाकडचं आभाळ काळंकुट्ट झालं होतं. तिकडे कोसळलं की इथला नाला चढतो.

"बादल, फाटक लाव," तो समितीच्या दुसऱ्या माणसाला म्हणाला. "कोणी काही बोलो, उघडू नको."

तो धावला नाही. धावणारा माणूस दिसला की बाकीचे धावतात. झपझप पावलं टाकत तो आत निघाला. नाल्याचं पाणी घोट्यापर्यंतच होतं, पण गढुळलं होतं. कड्याच्या वाटेवर माणसाला माणूस खेटला होता. पूर म्हणून ओरडलं असतं तर पाण्याआधी माणसांनीच माणसं तुडवली असती.

अंग चोरत तो कुंडापाशी पोहोचला. चमेलीबाईने त्याचा चेहरा पाहिला आणि विस्तवावर पाणी ओतलं.

"वरचं आभाळ बघ," तो हळूच म्हणाला. "मी नाल्यावर थांबतो. तू शेवटून लोटत आण. हळू."

मग तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "चला मंडळी, आज फाटक लवकर बंद! पुढच्याच्या काठीचं टोक धरायचं. काठी नसेल त्याने दोघांच्या मध्ये यायचं."

"फाटकाचे पैसे परत देता का?" कोणीतरी विचारलं. लोक हसले. हसले हे बरं झालं. रांग हलली.

कुवरसिंग नाल्याच्या मध्यात उभा राहून एकेकाला फाटकाकडच्या काठावर देत होता. पाणी पिंढरीला लागलं, मग गुडघ्याला. पायाखालचे दगड सरकू लागले. योगराज पार झाला. त्याच्यामागे थोडी माणसं आली आणि वरून एक फांदी गरगरत गेली. कुवरसिंगने कुंडाकडच्या लोकांना हाताचा पंजा दाखवला : आता कोणी उतरायचं नाही. तो कसाबसा फाटकाकडच्या काठाला लागला.

पलीकडे चमेलीबाई, इंदिराबाई आणि उरलेली माणसं राहिली.

"मनी माय शे तठे!" योगराज पाण्याकडे झेपावला. कुवरसिंगने त्याचा शर्ट मागून धरला.

"माझी बायको पण तिथेच आहे. उभा राहा."

"सोडा, आबा!"

"उभा राहा म्हटलं ना."

पाणी तांबडं होऊन उसळत होतं. त्या आवाजात पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं. चमेलीबाई इंदिराबाईचा हात धरून टेकाड चढताना दिसली. मागून बाकीचे, एकामागे एक. खालचा खडक, जिथे ती मघाशी उभी होती, पाण्यात गेला. मग झाडी आली आणि ती माणसं दिसेनाशी झाली. किती वर पोहोचली, सगळी पोहोचली का, हे पाणी उतरल्यावरच कळणार होतं.

 कुवरसिंगने योगराजचा शर्ट तरीही सोडला नाही.