पानमळ्याकडची बाजू

पोटरीपर्यंत वाळलेला चिखल, गुडघ्याखाली दुमडलेली विजार, अनवाणी पाय, आणि हातात खोबरेल तेलाचा वास येणारी बॅट... अण्णाकाका आठवतो तो असा, कापणी झालेल्या भातखाचरात, डोळे किंचित बारीक करून उन्हात उभा. बॅटला जवसाचं तेल लावतात हे आमच्या सांडोर गावच्या घरात कुणाला ठाऊक असणार! घरात नारळ होते, घाण्यावरून काढून आणलेलं खोबरेल होतं, म्हणून काका बॅटला खोबरेलच चोळायचा आणि उन्हात ठेवायचा. मग तिला मुंग्या लागत. सामन्याच्या दिवशी सकाळी काका ओटीवर बसून बॅट झटकतोय आणि आई आतून म्हणतेय, "भावोजी, ती आधी बाहेर न्या, माझ्या पिठात मुंग्या शिरल्या" – हा आमच्या घरचा नाणेफेकीआधीचा विधी होता.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण अगदीच क्षुल्लक आहे. मी आता विरारला चंदनसारच्या बाजूला राहते. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा एका मोठ्या फलंदाजाच्या शतकावरून जुंपली. शतक झालं, सामना मात्र हरलो. मग काय, ज्यांनी आयुष्यात गच्चीवरसुद्धा बॅट धरली नसेल त्यांनीही लिहून टाकलं – स्वतःसाठी खेळला, शंभरीसाठी खेळला. मी मुळात भांडखोर. त्या फलंदाजाशी माझं काही देणंघेणं नाही, तरी पोळ्या लाटता लाटता पिठाच्या बोटांनी मी लांबलचक उत्तरं लिहीत बसले. मुलगी म्हणाली, "आई, तुला काय एवढं लागलंय?" तिला काय सांगणार, की हे भांडण परवाचं नाही, ते मी तिसरी-चौथीत असल्यापासून माझ्या पोटात आहे...

आमच्या घरामागे वाडी होती आणि वाडीच्या कडेला पानमळा. पानमळा म्हणजे विड्याच्या पानांच्या वेलींचा मळा. पांगाऱ्याच्या खोडांवर चढवलेले वेल, वर केळीची सावली, आणि आत शिरल्या शिरल्या अंगाला लागणारा तो ओला, तिखटसर, हिरवा गारवा. बाहेर ऊन कितीही रणरणत असो, आत कायम पहाटच असायची. मळ्यात चपला घालून कुणी जात नसे. देवघरात जावं तसं जायचं, पाय धुऊन. वेलाला इजा झाली तर मळा रुसतो असं आजोबा म्हणत, आणि रुसलेला मळा पुन्हा हसायला वर्षं लागतात असंही म्हणत. दरवर्षी म्हातारे झालेले वेल खाली उतरवून, गुंडाळून मातीत पुरून, त्यांचे कोवळे शेंडे पुन्हा खोडावर चढवायचे असत. हे काम काकाचं. पाण्यात भिजवलेल्या केळीच्या सोपटाचे, म्हणजे खोडाच्या सालीचे, धागे काढून तो एकेक शेंडा असा बांधायचा, की बघताना वाटे, हा लहान मुलीच्या वेण्या घालतोय.

मळ्याला लागून आमचं भाताचं खाचर. कापणी झाली की गावची मुलं तिथे क्रिकेटचे सामने भरवत. आजोबांची अट एकच – मळ्यात चेंडू गेला की फलंदाज बाद, आणि चेंडू त्यानेच आणायचा, पाय धुऊन. गोलंदाजी एकाच टोकाने होई, कारण दुसऱ्या टोकाला विहीर होती. त्यामुळे उजव्या हाताने खेळणाऱ्याची डावी बाजू म्हणजे सदैव पानमळ्याची बाजू. आणि काकाचा हुकमी फटका नेमका तिकडचाच! पायावर आलेला चेंडू तो असा ओढून मारायचा की बॅटचा आवाज घरात ऐकू यायचा. पण तो फटका तो परगावच्या मैदानावर मारायचा. आपल्या खाचरात नाही.

त्या वर्षी अंतिम सामना आमचा आणि खाडीकडच्या गावाचा. त्यांचा कप्तान धर्मा – मिठागरावर काम करून रापलेला, उंचापुरा, दांडगा माणूस. त्याने आल्या आल्याच हरकत घेतली. "घरची वाडी, घरचा कायदा. सगलीकडं शिक्सर त्यो हितं आउट? आमी काय आउट व्हायला आलो?" आमच्या बाबांना पाहुण्यांशी वाद नको होता. आजोबा ओटीवर सुपारी कातरतच राहिले, म्हणून बाबाच म्हणाले, "असू दे. आजच्या दिवस मळ्यात गेला तर षटकार."

मग पाहुण्यांनी दुसरीकडे कुठे मारलंच नाही. एकेक चेंडू झावळ्यांच्या कुंपणावरून मळ्यात पडत होता आणि त्यांचे बसलेले खेळाडू बूट घालूनच आत घुसत होते. धर्मा स्वतःसुद्धा एकदा गेला. वेल नुकतेच उतरवून पुन्हा चढवलेले होते. मी कुंपणाशी आईजवळ बसले होते. आतून कोवळं काहीतरी मोडल्याचा आवाज येई – भेंडी मोडल्यासारखा – आणि प्रत्येक वेळी आईचा हात कपाळाला जाई. काका दूर सीमेवर उभा होता. त्याने एकदाही वळून पाहिलं नाही.

आमची पाळी आली तेव्हा काका सुरुवातीपासून खेळला. पण तो खेळ कुणाला ओळखीचा वाटेना. तो हुकमी फटका निघेचना. पायावर आलेले चेंडू तो नुसते खाली दाबत होता, आणि धावा काढत होता त्या उजव्या बाजूने – जिथे धर्माने सगळा गाव उभा केला होता. एक, दोन, एक, मधूनच विहिरीच्या अंगाने एखादा चौकार. "उचल ना अण्णा!" लोक ओरडत होते. "डावीकडं रान मोकलं हाय," धर्मा हसून म्हणाला, "फुकटचं शिक्सर, घे की." काका हसला नाही, रागावलाही नाही. त्याने पुढचा चेंडू पुन्हा उजवीकडे ढकलला आणि धावला.

उन्हं उतरली. पंपाच्या खोलीच्या भिंतीवर कोळशाने धावा मांडणाऱ्याने ओरडून सांगितलं, की अण्णाला शंभरीला एक हवी आणि गावाला जिंकायला चार. चेंडू शेवटचा. तो आला तो थेट पायावर, पूर्ण टप्प्याचा, जणू काकासाठीच ताटात वाढलेला. डाव्या बाजूची जमीन ढेकळांची, चेंडू सरपटत कुंपणापर्यंत जाणं शक्यच नव्हतं. मारायचा तर उचलूनच, मळ्यात. बॅट वर गेलेली मी पाहिली. सगळं खाचर श्वास रोखून उभं होतं... आणि मग ती बॅट कुणी हात धरावा तशी थांबली. काकाने चेंडू हलकेच वळवला, तो ढेकळांत अडून राहिला, एक धाव निघाली. शंभरी झाली. सामना गेला.

टाळी वाजलीच नाही. एवढ्या माणसांत एक टाळी नाही. धर्मा जाता जाता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ह्यो मानूस गावासाठी नाय, आकड्यासाठी खेलला." परक्याने म्हटलं ते एक वेळ चाललं असतं, पण तेच वाक्य दुसऱ्या दिवशी आमच्या गावाने उचललं. मग ते वर्षानुवर्षं टिकलं. पापडी गावच्या बाजारात, लग्नाच्या पंगतीत, गणपतीच्या आरतीला – "आले शंभरीवाले!" त्याच्याबरोबर खेळलेला एक जण तर तोंडावरच म्हणाला, "अण्णा, तुझी शंभरी झाली, आमचा कप गेला." काका म्हणाला, "गेला खरा." बस्स, एवढंच.

मी तेव्हाही भांडायचे. शाळेत मुलींशीसुद्धा भांडले. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं ते मी पाहिलं होतं. काका पाय धुऊन मळ्यात गेला, हातात भिजवलेलं सोपट, आणि मोडलेला एकेक वेल हातात घेऊन, जो वाचेल तो बांधत होता, जो वाचणार नाही तो हळूच खुडून बाजूला ठेवत होता. मी विचारलं, "काका, तू काल मारला का नाहीस?" त्याने हातातली गाठ पुरी केली. मग म्हणाला, "अगं, हातच गेला नाही. काल सकाळीच बांधले होते ना हे." आणि थोड्या वेळाने, "कुणाला सांगत बसू नकोस. वेलासाठी हरलो म्हटलं तर आणखी हसतील."

म्हणून मी सांगितलं नाही. नुसतं भांडत राहिले, कारण न देता. ज्याने आपला हुकमी फटका स्वतःच बांधून ठेवला होता, ज्याने अर्ध्या मैदानात, सगळं मैदान मोकळं असलेल्यांशी खेळून शंभर केल्या, त्याच्या त्या शंभरांना तुम्ही स्वार्थ म्हणता? माझ्या लेखी त्याहून निःस्वार्थी धाव मी पाहिलेली नाही. पण काका पुढल्या वर्षी खेळला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. ती बॅट पंपाच्या खोलीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावायची अडकण झाली, आणि तिला मुंग्या लागायच्या थांबल्या. मला त्या मुंग्यांची सुद्धा आठवण येते.

पुढे पानांचा धंदा बसला, पाणी खारवलं, मळा गेला. खाचरात आता लग्नाचा हॉल आहे आणि मळ्याच्या जागी गाड्या लावायला पेव्हर ब्लॉक. गेल्या उन्हाळ्यात काका गेला. भेटायला येणाऱ्यांची रीघ होती; त्यांत भर दुपारी, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून, एक वाकलेला म्हातारा फाटकाशी येऊन उभा राहिला. मी ओळखलं नाही. माझा भाऊ म्हणाला, "खाडीवरचे धर्माकाका."

रस्ता आता घराच्या मागच्या अंगाने आहे; तिथून घराकडे यायला मळ्याच्या जागचं ते फरशीचं पटांगण ओलांडावं लागतं. जिथून पूर्वी कुंपण सुरू व्हायचं तिथे तो थांबला, आणि त्याने चपला काढल्या. भाऊ पुढे धावला. "अहो, चपला असू द्या, पाय भाजतील. इथे आता काही नाही."

"मना ठाव हाय," तो म्हणाला. "तवा बूट घालून गेलो."

आणि तो त्या तापलेल्या फरशीवरून अनवाणी, सावकाश, मधे काहीतरी लावलेलं आहे अशा बेताने पाय टाकत काकाच्या फोटोकडे गेला. मी त्याच्या चपला उचलून सावलीत ठेवल्या.