अण्णांनी मागितलेली भाकर

पौषातल्या दुपारी जालन्याच्या मोंढ्यामागच्या, धान्यबाजाराच्या पाठीशी असलेल्या त्या बोळात ऊन फार वेळ थांबत नाही; दोन्ही भिंतींना ओझरता स्पर्श करून ते पत्र्यांवर चढून जाते आणि खाली उरतो तो तव्यावरच्या ज्वारीचा किंचित करपलेला, कोमट गंध. पाटी नसलेल्या एका खानावळीतून तो येत असतो. त्या दिवशी आमची रिक्षा बोळाच्या तोंडाशी आली, तो गंध आत शिरला, आणि शेजारी बसलेल्या माझ्या वडिलांनी, अण्णांनी, डाव्या हाताने रिक्षावाल्याचा खांदा गच्च धरला.

"थांब."

पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू उन्हाळ्यातच लुळी पडली होती. आष्टीची शेती भावावर सोपवून ते जालन्यात माझ्याकडे आले, आणि व्यायामाच्या दवाखान्यातून घरी, घरातून दवाखान्यात, एवढीच त्यांची वाट उरली. बोलणे तुटक झाले होते. पण त्याहून मोठे भय होते ते गिळण्याचे. कोरडा घास श्वासनलिकेत जाऊ शकतो, असे डॉक्टरांनी बजावले होते आणि त्या एका वाक्याभोवती मी सारे घर बांधून घेतले होते. मिक्सरमधून काढलेली खिचडी, घट्टसर पेज, गळ्याखाली रुमाल, आणि चमचा नेहमी माझ्याच हातात.

मोंढ्यात तूर घालून झाली की अण्णा पूर्वी इथेच जेवत, हे मला ऐकून माहीत होते. त्यांना धरून आत नेले तेव्हा अंधाराला डोळे सरावायला क्षणभर लागला. चुलीपाशी भाकरी थापत असलेल्या शोभामावशींनी मान वर केली. सासूच्या मागे ही खानावळ त्याच चालवत होत्या.

"आष्टीचे अण्णा न्हाई का? किती दिवसांनी आलात वो!" त्या म्हणाल्या, आणि नजर लोंबत्या हातावर पडताच उठून उभ्या राहिल्या.

"मावशी, यांना नुसती आमटी द्या. भाकरी चालत नाही," मी म्हणाले.

"भाकर," अण्णा म्हणाले.

"अण्णा, डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"पेजच पिऊन राह्यलो. बास."

मावशी भाकरी हातात घेऊन उभ्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. "ताई, तुम्ही सांगा. देऊ का नको?"

शेजारच्या बाकावर जेवणाऱ्या हमालांचेही हात मंदावले होते. मी मानेनेच हो म्हटले, तशी मावशींनी आम्हा दोघांपुढे ताटे ठेवली. अण्णांची भाकरी येसराच्या, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाच्या आमटीत बारीक कुस्करली, मऊ भिजू दिली आणि चमच्याने भरवू लागले. पहिला घास गेला, दुसरा गेला. येसराच्या खमंग, तिखट वाफेने अण्णांच्या चेहऱ्यावर असे काही उमलत गेले, की माझ्याही खांद्यांवरचा ताण नकळत सैल झाला आणि मी पाण्याच्या तांब्याकडे वळले. तेवढ्यात त्यांनी डाव्या हाताने माझ्या ताटातल्या भाकरीचा कोरडा तुकडा मोडून तोंडात घातला.

आवाज झालाच नाही. ठसका नाही, खोकला नाही. फक्त त्यांचे डोळे विस्फारले, ओठ निळसर पडू लागले आणि डावा हात टेबलाची कड चाचपडू लागला. मी पाठीवर थापट्या मारू लागले. मावशी पिठाच्या हातांनी धावल्या, त्यांनी अण्णांचे कपाळ धरून त्यांना पुढे वाकवले. "जल्दी! जोरानं मारा, ताई!" मी मारत होते, आपल्याच वडिलांना सर्व शक्तीनिशी मारत होते, आणि माझ्या तळहाताला त्यांच्या पाठीची हाडे लागत होती. मग एकाएकी खरखरीत खोकला फुटला, तुकडा ताटात पडला, आणि त्यांनी घेतलेला तो श्वास साऱ्या खानावळीने ऐकला.

मी पर्स उचलली. "चला, आधी दवाखाना."

"बस," अण्णा डोळे पुसत म्हणाले.

"अण्णा, आत्ता जीव गेला असता!"

"ठावं हाय." त्यांनी ताट पुन्हा पुढ्यात ओढले. मग म्हणाले, "भूक हाय मला."

हा शब्द माझ्या घरी त्यांनी एकदाही उच्चारला नव्हता. उच्चारणार तरी कसा? घड्याळ बघून, भूक जागी होण्याआधीच मी चमचा पुढे करत होते. जपता जपता मी त्यांचे भुकेले होणेच काढून घेतले होते. पथ्य पाळले जात होते, औषधे वेळेवर होती, आणि ताटासमोर बसलेला माणूस मात्र मला कित्येक महिन्यांत दिसला नव्हता.

मी बसले. चमच्याकडे गेलेला माझा हात त्यांनी बाजूला सारला. डाव्या बोटांनी त्यांनी भाकरी कुस्करली, अगदी चूर केली, आमटीत बुडवून ठेवली आणि ती भिजण्याची वाट बघत राहिले. मी मान हलवल्यावर मावशीही चुलीकडे परतल्या. अण्णांनी छोटा घास घेतला, सावकाश चावला. माझ्या ताटातली भाकरी गार झाली होती; ती मोडून मीही खाऊ लागले.

पुन्हा तसेच घडू शकते, हे मला कळत होते. पण त्या दुपारी त्यांचे जेवण होईपर्यंत मी उठले नाही.