भोपळ्याच्या फुलांना इरली

कासू गावच्या सगुणाबाईंकडून मी बावीस वर्षं भाजी घेतो. पेणच्या बाजारात त्यांची बसायची जागा ठरलेली आहे. पडवळ दाबून पाहिलं की हातावर चापट बसते. "लेकरू हाय ते, भाऊ. चिमटे काय काढता?" असं म्हणणाऱ्या बाईंशी भांडता येत नाही.

गेल्या पावसाळ्यात उधाणाने बांध फुटला आणि खाडीचं पाणी त्यांच्या घरात शिरलं. बियाण्याची सगळी गाडगी खारावली. बाकीचं बी बाजारात मिळालं. मिळालं नाही ते त्यांच्या आईच्या घरून आलेल्या तांबड्या भोपळ्याचं. चपटा, खोल फाकांचा, घारग्यांना गूळ कमी लागेल इतका गोड. रोह्याजवळच्या अष्टमी गावात दिलेल्या लेकीकडे, नम्रताकडे, डब्याच्या तळाशी त्याच्या चार बिया निघाल्या. यंदा जूनमध्ये त्या गोठ्यामागे लावल्या. दोन उगवल्याच नाहीत, एक रोप गोगलगायींनी खाल्लं. उरला एक वेल.

"ह्याला फळ धरलं नाय, तर आईचा भोपळा संपला," शेंगा तोलता तोलता त्या म्हणाल्या.

जुलैअखेर वेल फुलला आणि पावसाने झड धरली. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी मी मुद्दाम कासूला गेलो. सगुणाबाई छत्री खांद्यावर टाकून वेलापाशी उकिडव्या बसल्या होत्या. तोवर दोन फळफुलं, म्हणजे मादी फुलं, गळून गेली होती.

"हा गडी, ही बाय," त्यांनी फुलं दाखवली. बाईच्या देठाशी इवलासा भोपळा होता. गड्याच्या पोटात परागाचं पिवळं पीठ असायला हवं होतं, तिथे नुसतं पाणी साचलं होतं. "पीठ धुऊन गेलं. माशी पावसात येत नाय, आणि आली तरी काय नेणार?"

मग त्यांनी बांधावरच्या तेरड्याचं पान उचलून दाखवलं. त्याचं गुलाबी फूल पानाखाली मान घालून लटकलं होतं. आत बोट घातलं तर कोरडं. "हा बघा हुशार. पान डोक्यावर घेऊन बसलाय. आणि आमचा भोपळा येडा, आभाळाकडं आ करून बसतो."

त्यांची सून प्रतिक्षा रोह्याच्या एका कंपनीत शिफ्टला जाते. तिने सासूची काळजी पाहून आदल्या संध्याकाळी तिसऱ्या फळफुलाला आणि दोन नरफुलांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या होत्या. सगुणाबाईंनी माझ्यासमोर त्या सोडल्या. पिशव्या आतून घामेजल्या होत्या. पिठाच्या गुठळ्या झाल्या होत्या.

"पण आई, पाणी आत गेलंच नाय!"

"गेलं नाय गो, आतच झालं. रेनकोट घालून बंद खोलीत बस तासभर, मग कळंल."

प्रतिक्षाचा चेहरा उतरला. तिसरंही गेलं. आता एकच फळकळी राहिली होती. टोकाला पिवळी झालेली, म्हणजे दुसऱ्या दिवशी पहाटे उमलणारी. शेंड्याकडे आणखी काही दिसत नव्हतं.

सगुणाबाई उठून सागाची पानं घेऊन आल्या. झाडूच्या हिरांनी टोचून त्यांनी चार द्रोणासारख्या टोप्या केल्या. भातलावणीला बायका डोक्या-पाठीवर पानांचं इरलं घेतात, तसंच वितीएवढं इरलं. वर झाकलेलं, खाली मोकळं. तीन नरकळ्यांना, एक त्या फळकळीला. खाडीकडून वारा सुटला होता, म्हणून प्रत्येकाशेजारी काटकी रोवून इरलं तिला बांधलं, उघडी बाजू वाऱ्याआड, गोठ्याकडे.

पुढचं मला प्रतिक्षाने सांगितलं. सगुणाबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. सकाळी इरली उचलली तेव्हा पीठ कोरडं, सुटं होतं. पण ते नेमकं कुठे लावायचं ते त्यांना दिसेना. त्यांनी सुनेला हाक मारली. ती डबा भरून स्टेशनला निघाली होती.

"गड्याच्या पाकळ्या काढ. आता बायच्या आत फिरव. अगो, भांडं घासतेस का? पोराला काजळ लावतात तसं लाव!"

"आई, माझी गाडी जाते हाय."

"ती उद्या परत येईल. ही नाय यायची."

गाडी गेली. प्रतिक्षाने तिन्ही नरफुलांचं पीठ लावलं आणि फळफुलावर इरलं परत चढवलं. त्या दिवशी तिचा खाडा पडला. त्यावर सासू-सुना दोन दिवस एकमेकींशी मोजकंच बोलल्या.

पुढच्या रविवारी पाऊस उघडला होता. मी गेलो तर दोघी वेलापाशीच होत्या. लिंबाएवढा होता तो भोपळा आता पेरूहून मोठा झाला होता. देठ जाड, रंग तुकतुकीत. "धरलं की हो!" मी बोट दाखवलं.

"बोट नका दावू!" सगुणाबाई ओरडल्या. "कोवळं फळ कुजतं. मूठ करा, मूठ!"

मी मुकाट्याने मूठ केली. प्रतिक्षा माझ्याकडे पाहून खो खो हसली. "आई, आता काय फळाला डोळे हायत?" असं म्हणत तिने अष्टमीला नणंदेला व्हिडिओ कॉल लावला. "ताई, हे बघा, आजीचा भोपळा!" बोलता बोलता तिचं बोट वर आलं, सासूकडे एक नजर गेली, आणि तिने ते हळूच दुमडून घेतलं.