शेवटच्या कप्प्याच्या पुढे

"पयले सांग, तू कुठी उभा हायेस?"

कोणीही प्रोग्रॅममधली अडचण घेऊन गेलं की भाऊ आधी हेच विचारत. विचारताना पेनाचं टोपण टेबलावर आपटत राहत, समोरचा नीट उत्तर देईपर्यंत.

अकोल्याच्या एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना. वरूडच्या संत्र्यांची प्रतवारी करणारी यंत्रं आम्ही बनवायचो आणि ती चालवणारे सी भाषेतले प्रोग्रॅम भाऊ लिहायचे. मी अमरावतीहून इंजिनिअर होऊन आलो होतो. पॉइंटरची माझी ओळख परीक्षेपुरती. तुम्हीही कधी सी शिकला असाल, तर ती धडकी तुम्हाला माहीत असेल.

भाऊंनी मला रिकाम्या क्रेटांवर शिकवलं. क्रेट ओळीनं मांडले, पहिल्यावर हात ठेवला.

"हा हात म्हंजे पॉइंटर. हातात संत्रं नाई, क्रेट कुठी हाये तेवढंच त्याले मालूम. आता यात एक मिळवला त हात कुठी जाईन?"

"एक इंच पुढे."

"अबे, इंच नाई, अख्खा क्रेट. क्रेट मोठा त उडी मोठी."

"आणि शेवटच्या क्रेटच्या पुढे?"

"थे आपलं नाई. पन सी तुले अडवत नाई. म्हनते, जाय."

पातूरहून ते स्कूटरवर येत, इतक्या हळू की मागचे ट्रकवाले वैतागत. त्यावर म्हणत, "हॉर्न वाजवल्यानं माहा गिअर बदलत नाई."

असा हा माणूस.

एका दुपारी वरूडहून फोन आला. पॅकिंगच्या शेडमध्ये एका बाईचा हात आमच्या यंत्राच्या पट्ट्याखाली सापडला होता. कोणीतरी मेन स्विच पाडला तोवर बोटं गेली होती. मालक म्हणाले, "तिनंच हात घातला असन. पट्टा थांबवाचं बटन दाबलं नसन." शेडवालेही तेच म्हणत होते. ऐकून सगळ्यांना जरा बरंच वाटलं.

भाऊंनी विचारलं, "बाई काय म्हनते?"

बाईला कोणीच विचारलं नव्हतं.

आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. हाताला हे एवढं बँडेज. ती छताकडे पाहत म्हणाली, "म्या लाल बटन दाबलं होतं. दाबतच होती. पट्टा थांबलाच नाई."

परत आल्यावर भाऊंनी कारखान्यातलं यंत्र लावलं. मी संत्री टाकत होतो, ते बटण दाबत होते. पट्टा दर वेळी थांबायचा. मग त्यांनी प्रतवारीच्या सगळ्या रांगा एकदम भरायला सांगितल्या. भरल्या. त्यांनी बटण दाबलं आणि पट्टा चालतच राहिला. मीही दाबून पाहिलं. माझ्या बोटाखाली ते बटण खटकन आत गेलं आणि पट्टा तसाच फिरत होता.

आमच्या यंत्रात लाल बटणसुद्धा प्रोग्रॅमच वाचायचा. सगळ्या रांगा भरल्या की पॉइंटर मेमरीतला रांगांच्या मोजणीचा एकेक कप्पा शून्य करत पुढे सरकायचा, आणि एका चुकीच्या चिन्हामुळे शेवटच्या कप्प्यानंतर आणखी एक उडी मारायचा. त्या पुढच्या जागेत बटण दाबल्यावर उमटणारी 'थांब' ही खूण होती. तीही पुसली जायची.

भाऊ पडद्याकडे बघत बसले.

"हे माह्या हातचं हाये," ते म्हणाले.

मालकांनी दार लावून घेतलं. "गुपचूप सुधारून टाका, भाऊ. बाईले आपन मदत करू."

"बाई खोटी ठरून राहिली, मालक."

एवढं बोलून त्यांनी मालकांसमोरच फोन उचलला. यंत्र जिथं जिथं गेलं होतं तिथं लावला. "मशीन बंद करा. चूक माही हाये." कधी ट्रकच्या पुढे न गेलेला हा माणूस दुसऱ्या दिवशी वरूडच्या पोलीस ठाण्यात स्वतःच्या नावानं जबाब देऊन आला.

त्यानंतर त्यांना कामावर येऊ दिलं नाही. पातूरच्या घराला मी गेलो तेव्हा कुलूप होतं. शेजारी म्हणाले, मुलीकडे गेले, कुठं ते ठाऊक नाही.

पुढच्या हंगामात थेट वीज तोडणारं बटण बसवायला मी त्याच शेडमध्ये गेलो. ती बाई फळं निवडत होती, उरलेल्या बोटांनी, भराभर.

"थे भाऊ काहून नाई आले?"

"ते आता कामावर नाहीत," मी म्हणालो.

तिनं एक डागी संत्रं बाजूला टाकलं.

"घरी आलते माह्या. म्या लय बोलली त्याइले, तोंडाले येईन थे. आयकत उभे राहिले. जाताना पानी मांगितलं, देल्लं म्या."

आणि ती पुन्हा कामाला लागली.