आधी अक्षरं, मग टीव्ही

सरकारी ऑफिसात किस्से जमवावे लागत नाहीत. दुपारच्या चहाला कुणीतरी 'अरे, ते आठवते का' म्हणतो आणि एकातून दुसरा निघत जातो. बालाघाटच्या आमच्या नकाशा शाखेत आम्ही तिघं होतो: मी, कटरे आणि मोहरीर. त्यातले निम्मे किस्से मोहरीरच्या डीव्हीडी प्लेयरचे आहेत!

आधी वहिनींबद्दल सांगायला हवं. मोहरीरची बायको, रजनीवहिनी, मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या. एका तापात त्यांचे कान गेले आणि शाळा सुटली. मोहरीर जुन्या नकाशांच्या पाठीवर लिहून लिहून त्यांच्याशी बोलायचा. पण टीव्हीसमोर चारजण हसले की वहिनी उठून आत जायच्या. मोहरीर एकदा मला म्हणाला, "तिले वाटते, आपल्यालेच हसून राह्यले."

*

डीव्हीडीवर हिंदी पिक्चर लावला की खाली इंग्रजीत संवाद येतात, हे मोहरीरला कुठूनतरी कळलं. झालं, तो हट्टाला पेटला.

कटरे म्हणजे आमच्या शाखेचा बिनपगारी सल्लागार. मोहरीरच्या घरी चौदा इंची, खटका फिरवून चॅनेल बदलायचा म्हातारा टीव्ही होता. प्लेयर आणि नवा टीव्ही एकदम घेणं जमणार नव्हतं, तेव्हा आधी मोठा टीव्ही घ्यावा असं कटरेचं ठाम मत. "पहले टीव्ही घे. लग्नाच्या आंधी बारसं काहून करून राह्यला?"

मोहरीर नकाशावरून मान न उचलता म्हणाला, "निस्त्या टीव्हीत तिच्यासाठी काय हाये?"

पुढे आठवडाभर कटरेने सल्ला दिला नाही. शाखेत हा विक्रमच होता.

*

प्लेयर घ्यायला आम्ही तिघं राजेगावमार्गे बसने गोंदियाला गेलो. दुकानदार उत्साही होता. त्याने माइक लावून गाता येतं ते दाखवलं, रिमोट दाखवला, स्पीकर इतके वाजवले की बाहेरची गाय बिचकली.

मोहरीरने सगळं शांतपणे पाहिलं आणि म्हणाला, "आता आवाज बंद करून दाखवा."

दुकानदाराला वाटलं, आवाज खराब लागला. त्याने दुसरा प्लेयर काढला. मोहरीरने त्याचाही आवाज बंद करायला लावला. तिसऱ्याला दुकानदार हात जोडून म्हणाला, "साहेब, लोक माह्याकडे आवाज ऐकाले येतात!"

"आमच्याकडे वाचाले पायजे," मोहरीर म्हणाला, आणि ज्याची अक्षरं सगळ्यात ठसठशीत होती तो प्लेयर बांधायला सांगितला.

*

घरी आल्यावर कळलं की प्लेयरला लाल, पिवळी, पांढरी अशा तीन वायरी आहेत आणि टीव्हीला मागे अँटेनाचं एकच भोक. कटरेने माझ्याकडे असं पाहिलं की बोलायची गरजच नव्हती. दुसऱ्या दिवशी मात्र तोच कुठूनतरी जोडणीची डबी घेऊन आला.

चित्र आलं, अक्षरंही आली. वहिनी चष्मा लावून पुढे सरकल्या. पण संवाद दोन ओळींत यायचा आणि खालची ओळ पडद्याच्या कडेखाली जायची. प्रश्न दिसायचा, उत्तर गायब! दहा मिनिटांनी वहिनी उठल्या. "पेपर अर्धा फाटलाय," एवढंच बोलून आत गेल्या.

कटरे त्या दिवशी 'मी सांगितलं होतं' म्हणाला नाही. त्याबद्दल मी त्याचे बाकीचे सल्ले माफ केले.

*

लांजीचा एक मेकॅनिक कटरेच्या ओळखीचा होता. त्याने टीव्ही उघडून मागचा एक स्क्रू फिरवला आणि चित्र वरून-खालून दाबून बसवलं. दोन्ही ओळी आल्या! फक्त हिरो बुटका झाला. हिरॉईन आडवी वाढली, घोडे गाढवाएवढे दिसू लागले.

मोहरीरने नकाशाच्या पाठीवर लिहून विचारलं, चालेल का? वहिनी म्हणाल्या, "माणसं कशीही असू देत. बोलताहेत ना."

आम्हा तिघांच्या जिवात जीव आला. ते वर्षभर त्या घरात सगळे हिरो साडेतीन फुटांचेच राहिले.

*

पुढच्या दिवाळीत मोठा टीव्ही आला. रविवारी दुपारी आम्हाला बोलावणं होतं. पिक्चर विनोदी. घोडे घोड्यांएवढे झालेले पाहून कटरेलाच जास्त आनंद झाला होता. वहिनी मधोमध बसल्या होत्या आणि मोहरीरने आपली खुर्ची वहिनींकडे जरा तिरकी टाकली होती.

आता गंमत अशी की अक्षरं आधी येतात आणि नट मागून बोलतो. त्यामुळे वहिनी एकट्याच हसायच्या आणि मग आम्ही. कटरे वैतागला. "वहिनी आंधीच सांगून देऊन राह्यल्या, आता काय मजा?" वहिनींना ते ऐकू आलं नाही, त्या पुढच्या विनोदाला लागल्या होत्या.

पुन्हा अक्षरं आली. वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. त्यांच्याबरोबर मोहरीरही हसला, अगदी खो-खो. नट अजून तोंड उघडायचा होता.

कटरे त्याच्याकडे बघतच राहिला. "काहून रे, तुले कवापासून इंग्रजी वाचता येते?"

"मले कुठं येते," मोहरीर डोळे पुसत म्हणाला. "माहा चश्मा तर खिशात हाये."